विश्लेषण : चुंबक, पण लोखंडाला न चिकटणारा! लुई नेएल यांचा ‘बिनकामाचा’ शोध मेमरी चिपच्या दारात कसा आला?

डिसेंबर १९७०. भौतिकशास्त्राचे नोबेल स्वीकारण्यासाठी स्टॉकहोमला गेलेले फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल तेव्हा ६६ वर्षांचे होते. तिथल्या व्याख्यानात त्यांनी आपल्या सर्वांत गाजलेल्या शोधाविषयी सरळ कबुली दिली. अँटीफेरोमॅग्नेटिक पदार्थ सिद्धांत म्हणून फार रंजक आहेत, पण त्यांचा व्यवहारात काही उपयोग होईल असे दिसत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आज त्याच पदार्थांचे काही नॅनोमीटर जाडीचे थर घेऊन, त्यांतून वीज खेळवून माहिती साठवण्याचे प्रयोग जगभर सुरू आहेत. या तंत्राला स्पिन-ऑर्बिट टॉर्क म्हणतात. नेएल यांचा अंदाज चुकला कसा, आणि तो खरोखर पूर्ण चुकला आहे का?

लुई नेएल कोण होते?

नेएल यांचा जन्म २२ नोव्हेंबर १९०४ रोजी फ्रान्समधील लियाँ शहरात झाला. पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअर या नामांकित संस्थेत शिक्षण घेऊन १९२८ मध्ये ते स्ट्रासबूर्गला आले. (अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे आडनाव ‘नील टेंपरेचर’ म्हणून माहीत असते. इंग्रजी पुस्तकांनी केलेला हा उच्चार आता बदलणे कठीण, पण फ्रेंच कानाला तो नेएल आहे.) जर्मनीकडे गेलेले स्ट्रासबूर्ग पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा फ्रान्सकडे आले होते. तिथे चुंबकत्वाची प्रयोगशाळा उभी करणारे प्राध्यापक होते पिएर वाइस. लोखंड चुंबक का होते, याचे उत्तर वाइस यांनी १९०७ मध्ये दिले होते. लोखंडाचा प्रत्येक अणू एक इवलेसे चुंबक असतो. आजूबाजूच्या सगळ्या अणूंचा मिळून त्याच्यावर एक प्रभाव पडतो आणि सगळे एकाच दिशेला तोंड करतात. फार तापवले की ही शिस्त मोडते आणि चुंबकत्व जाते.

नेएल या वाइस यांचेच विद्यार्थी. १९३२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती गुरूंच्या सिद्धांताला एक दुरुस्ती सुचवून. वाइस यांच्या हिशेबात सगळ्या अणूंवर एकसारखा, सरासरी प्रभाव धरलेला होता. नेएल म्हणाले, अणूवर खरा प्रभाव त्याच्या लगतच्या शेजाऱ्यांचा असतो. तो जागोजागी वेगळा असू शकतो. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या दुरुस्तीतून पुढचे सगळे निघाले.

शेजाऱ्याने उलटीकडे तोंड फिरवले तर?

मँगनीज आणि क्रोमियम हे धातू चुंबकतज्ज्ञांना कोड्यात टाकत होते. आवर्त सारणीत ते लोखंडाचे शेजारी. तरीही ते लोखंडासारखे चुंबक होत नाहीत. चुंबकीय क्षेत्रात ठेवले तर दुबळा प्रतिसाद देतात, आणि तापमान बदलले तरी तो प्रतिसाद फारसा बदलत नाही. नेएल यांनी १९३६ मध्ये सुचवलेले उत्तर असे : इथेही अणूंमध्ये शिस्त आहे, पण ती उलटी आहे. बुद्धिबळाचा पट डोळ्यांसमोर आणा. काळ्या घरांतील सगळे अणू वर तोंड करून आहेत आणि पांढऱ्या घरांतील सगळे खाली. आतून बघाल तर प्रत्येक जण चुंबक आहे, कडक रांगेत आहे. बाहेरून बघाल तर बेरीज शून्य. टाचणीसुद्धा चिकटत नाही.

ही रांगही ठरावीक तापमानाच्या वर मोडते. तेच आज नेएल तापमान म्हणून ओळखले जाते. मँगनीज ऑक्साइडसाठी ते उणे १५७ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, हे १९३८ मध्ये प्रयोगातून दिसले. निकेल ऑक्साइडचे २५० अंशांच्या आसपास. क्रोमियमचे सुमारे ३८ अंश, म्हणजे आपल्याकडच्या एप्रिलच्या दुपारी क्रोमियमचे अणू शिस्त सोडून मोकळे होतात. अर्थात नळाच्या चकचकीत मुलाम्याकडे बघून ते कुणाच्या लक्षात येणार नाही.

खरी अडचण हीच होती. ज्याची बेरीज शून्य, ते आहे हे दाखवायचे कसे? होकायंत्राची सुई हलत नाही. सोव्हिएत रशियात लेव्ह लांडाउ यांनी १९३३ मध्ये काहीशी अशीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली होती. पण क्वांटम सिद्धांताच्या काटेकोर हिशेबात ही वर-खाली रचना नीट बसत नाही, असा आक्षेप होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. निकाल लागायला १३ वर्षे गेली. १९४९ मध्ये अमेरिकेतील ओक रिज येथे क्लिफर्ड शल आणि सॅम्युएल स्मार्ट यांनी मँगनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉनचा झोत सोडला. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, पण तो स्वतः एक छोटे चुंबक असतो. त्यामुळे वर तोंड केलेला आणि खाली तोंड केलेला अणू त्याला वेगवेगळा दिसतो. परावर्तित झोताच्या नक्षीत नेएल यांचा पट स्पष्ट उमटला. न्यूट्रॉनच्या या तंत्रासाठी शल यांना पुढे १९९४ मध्ये नोबेल मिळाले.

युद्धात या ज्ञानाचा काय उपयोग झाला?

दुसरे महायुद्ध सुरू होताच जर्मनीने समुद्रात चुंबकीय सुरुंग पेरले. हे सुरुंग जहाज आदळण्याची वाट पाहत नसत. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे लोखंडी जहाजात चुंबकत्व येते. असे जहाज जवळून गेले की सुरुंगातील यंत्रणेला क्षेत्रातला बदल कळे आणि स्फोट होई. जहाजाभोवती तारांची वेटोळी कायम बसवून त्यांतून सतत वीज सोडायची, हा एक उपाय होता. नेएल यांनी फ्रेंच नौदलासाठी वेगळी युक्ती काढली. पृथ्वीमुळे जितके चुंबकत्व येते, तितकेच पण उलट दिशेचे कायमचे चुंबकत्व जहाजाला आधीच देऊन ठेवायचे. दोन्ही एकमेकांना मारतात आणि सुरुंगाला जहाज दिसतच नाही. पृथ्वीचे क्षेत्र जागेप्रमाणे बदलत असल्याने ही मात्रा त्या-त्या सागरी पट्ट्यासाठी बेतावी लागते, पण जहाजावर रोज वीज खर्च होत नाही. या कामासाठी नेएल यांना लष्करी सेवेबद्दलचा ‘लीजन ऑफ ऑनर’ मिळाला. उलट-सुलट चुंबकांची बेरीज शून्य, हा ज्याचा कागदावरचा ध्यास, त्याने तोच खेळ हजारो टनांच्या जहाजांवर केला.

दरम्यान स्ट्रासबूर्गचे विद्यापीठ युद्धामुळे क्लेर्माँ-फेराँला हलवले गेले होते. फ्रान्स पडल्यानंतर, १९४० मध्ये नेएल आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या ग्रेनोबल या गावी आले. तोवर हे शहर भौतिकशास्त्रासाठी ओळखले जात नव्हते.

सह्याद्रीच्या दगडाशी त्यांचा काय संबंध?

नेएल यांच्या आयुष्यातील सर्वांत सुपीक काळ युद्धानंतरचा. पटावरच्या काळ्या आणि पांढऱ्या घरांतील चुंबक सारख्या ताकदीचे नसले तर काय होईल, हा प्रश्न त्यांनी घेतला. बेरीज शून्य होणार नाही, काही शिल्लक उरेल. १९४८ मध्ये त्यांनी या प्रकाराला फेरीमॅग्नेटिझम हे नाव दिले आणि माणसाला सर्वांत आधी सापडलेल्या चुंबकाचे, म्हणजे मॅग्नेटाइट या खनिजाचे कोडे सुटले. त्यात लोहाचे तीन अणू असतात. त्यांची चुंबकीय ताकद अणुविज्ञानाच्या एककात ५, ५ आणि ४ धरली तर बेरीज १४ यायला हवी. मोजमाप मात्र ४ च्या आसपास येई. नेएल यांचा खुलासा शाळकरी गणिताइतका सोपा होता : दोन पाच समोरासमोर उभे राहून एकमेकांना खोडतात, चार उरतात.

उद्योगजगताला हे हवेच होते. नेदरलँड्समधील फिलिप्स कंपनीत फेराइट नावाचे लोह-ऑक्साइडचे काळे, विटेसारखे पदार्थ तयार होऊ लागले होते. ते वीज वाहत नाहीत, पण चुंबक होतात. त्यामुळे उच्च कंप्रतेच्या विजेत ते तापत नाहीत. जुन्या ट्रान्झिस्टरमधील काळी अँटेना-कांडी, लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरवरचा गाठोड्यासारखा फुगवटा, स्पीकरमागची काळी चकती, कॅसेटची तपकिरी फीत. हे सगळे फेरीमॅग्नेटिक पदार्थ. नोबेलच्या मानपत्रात महत्त्वाच्या उपयोगांचा उल्लेख आहे. त्यात मोठा वाटा या घराण्याचा. त्यामुळे अँटीफेरोमॅग्नेट बिनकामाचे आहेत असे सांगताना नेएल यांना कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते. त्यांच्या हाती दुसरा हुकमी पत्ता होता.

१९४९ मध्ये त्यांनी आणखी एक काम केले. ते भाजलेल्या मातीविषयी होते. भट्टीत तापून थंड झालेली वीट किंवा मडके त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवते. का? नेएल यांनी दाखवले की मातीतील चुंबकीय कण अतिसूक्ष्म असले तर उष्णतेच्या थरथरीने त्यांची दिशा क्षणोक्षणी पलटते. पण कण जरासा मोठा झाला की तीच दिशा टिकण्याचा काळ सेकंदांवरून कोट्यवधी वर्षांवर उडी मारतो. लाव्हा थंड होऊन बनलेल्या खडकांनाही हेच लागू पडते. १९५० च्या दशकात ब्रिटिश संशोधकांनी दख्खनच्या काळ्या बेसाल्टचे चुंबकत्व मोजले, तेव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थंड होताना भारतीय भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, असे त्यातून निघाले. खंड सरकतात या तेव्हा वादग्रस्त असलेल्या मताला त्याने बळ दिले. एवढ्या जुन्या नोंदीवर विश्वास का ठेवायचा, याचे उत्तर नेएल यांच्या गणितात आहे. हार्ड डिस्कवरचा चुंबकीय कण किती बारीक करता येईल, ती मर्यादाही याच गणिताने ठरते.

ग्रेनोबलमध्ये नेएल यांनी काय उभे केले?

अनेक नोबेल मानकऱ्यांप्रमाणे ते पॅरिसला गेले नाहीत. ग्रेनोबललाच त्यांनी पॅरिसच्या तोडीचे केले. १९४६ मध्ये तिथे राष्ट्रीय संशोधन संस्थेची प्रयोगशाळा सुरू झाली. १९५६ मध्ये त्यांनी अणुसंशोधन केंद्र स्थापन केले आणि १९७१ पर्यंत त्याचे संचालकपद सांभाळले. न्यूट्रॉनच्या अभ्यासासाठी फ्रान्स आणि जर्मनीने मिळून काढलेली लाउए-लांजव्हँ संस्था १९६७ मध्ये ग्रेनोबलला आली, त्यामागेही त्यांचे वजन होते. ज्या जर्मनीच्या सुरुंगांपासून जहाजे वाचवली, तिच्याच शास्त्रज्ञांसोबत वीस-पंचवीस वर्षांत एक अणुभट्टी उभी राहत होती. आणि न्यूट्रॉननेच तर त्यांचा पट जगाला दाखवला होता. १९७६ मध्ये ते निवृत्त झाले.

मग अँटीफेरोमॅग्नेटचा उपयोग कुणी शोधला?

पहिला धागा नेएल यांच्या हयातीतच, खरे तर नोबेलच्याही आधी सापडला होता. १९५६ मध्ये अमेरिकेत मिक्लजॉन आणि बीन यांना दिसले की कोबाल्टच्या कणावर कोबाल्ट ऑक्साइडचा, म्हणजे अँटीफेरोमॅग्नेटचा थर असला तर कोबाल्टचे चुंबकत्व एका दिशेला जखडले जाते. स्वतः न हलणारा शेजारी दुसऱ्यालाही हलू देत नाही. हा चमत्कारिक गुण बराच काळ तसाच पडून होता. १९९० च्या सुमारास ग्रेनोबलहून आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत गेलेले बर्नार दिएनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पिन-व्हॉल्व्ह नावाची रचना केली. त्यात एक चुंबकीय थर मोकळा आणि दुसरा अँटीफेरोमॅग्नेटने जखडलेला. मोकळा थर फिरला की रोध बदलतो, आणि डिस्कवरची अक्षरे वाचता येतात. १९९७ च्या अखेरीस अशा वाचक-शीर्षांच्या हार्ड डिस्क बाजारात आल्या. नेएल तेव्हा ९३ वर्षांचे होते. १७ नोव्हेंबर २००० रोजी, ९६ व्या वाढदिवसाला पाच दिवस असताना, ब्रीव्ह-ला-गायार्द येथे त्यांचे निधन झाले.

म्हणजे त्यांचा अंदाज त्यांच्या डोळ्यांदेखत अर्धा चुकला होता. अर्धाच अशासाठी की इथे अँटीफेरोमॅग्नेटचे काम खुंट्याचे होते. माहिती गायीच्या ठिकाणी होती, खुंट्यात नव्हती.

स्पिन-ऑर्बिट टॉर्क म्हणजे नेमके काय?

माहिती खुद्द अँटीफेरोमॅग्नेटमध्ये लिहायची तर त्याचे अणू फिरवता आले पाहिजेत. बाहेरून चुंबक लावून ते जमत नाही. काळ्या घरातील अणू आणि पांढऱ्या घरातील अणू विरुद्ध तोंडाचे. दोघांवर एकाच दिशेचे क्षेत्र लावले की त्यांना मिळणारे झटके एकमेकांविरुद्ध जातात आणि जोडी जागची हलत नाही. रुग्णालयातील एमआरआय यंत्राचे क्षेत्र १.५ ते ३ टेस्ला असते. अनेक अँटीफेरोमॅग्नेटना हलवायला त्याच्या कितीतरी पट लागते. नेएल निराश होते ते याच कारणाने, आणि १९७० साली दुसरा मार्ग कुणालाही दिसत नव्हता.

तो मार्ग इलेक्ट्रॉनच्या स्पिनमधून निघाला. प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्पिन असतो, म्हणजे तोही एक छोटे चुंबक. प्लॅटिनमसारख्या जड धातूत अणुकेंद्राजवळून वेगाने जाताना इलेक्ट्रॉनची गती आणि त्याचा स्पिन यांची सांगड बसते. हेच स्पिन-ऑर्बिट नाते. या नात्यामुळे धातूच्या पट्टीतून वीज सरळ पुढे सोडली तरी एका स्पिनचे इलेक्ट्रॉन वर आणि उलट स्पिनचे खाली वळतात. पट्टीवर चुंबकाचा पातळ थर असेल तर वर आलेले स्पिन त्यात घुसून त्याच्या अणूंना पीळ देतात. हा पीळ म्हणजे टॉर्क. तो सीमेजवळच्या काही नॅनोमीटरपुरताच पोहोचतो, म्हणून थर पातळ हवा. २०११ मध्ये इओन मिहाई मिरोन आणि सहकाऱ्यांनी केवळ ०.६ नॅनोमीटर जाडीच्या कोबाल्टचे चुंबकत्व अशा रीतीने, शेजारून वीज सोडून पलटवून दाखवले. या प्रयोगात ग्रेनोबलच्या स्पिनटेक प्रयोगशाळेचा सहभाग होता. स्पिनटेक आणि नेएल यांच्या नावाने ओळखली जाणारी चुंबकत्वाची संस्था आज एकाच रस्त्यावर आहेत.

कोबाल्ट हा साधा चुंबक. अँटीफेरोमॅग्नेटसाठी आणखी एक कल्पना लागली. काही स्फटिकांत काळ्या आणि पांढऱ्या घरांभोवतीची अणूंची मांडणी एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारखी असते. अशा स्फटिकातून वीज सोडली की काळ्या घरातील अणूला एका दिशेचे क्षेत्र जाणवते आणि पांढऱ्याला बरोबर उलट दिशेचे. अणू उलट, क्षेत्रही उलट. म्हणून झटका दोघांनाही एकाच बाजूला बसतो आणि जोडी हातात हात घालून फिरते. २०१४ मध्ये हे मँगनीज आणि सोन्याच्या संयुगासाठी कागदावर मांडले गेले. २०१६ मध्ये, नेएल यांच्या मूळ कल्पनेला ८० वर्षे होत असताना, नॉटिंगहॅम आणि प्राग येथील संशोधकांनी तांबे, मँगनीज आणि आर्सेनिकच्या पातळ थरात साध्या खोलीच्या तापमानाला हे करून दाखवले. एका दिशेने वीज सोडली तर अणूंची जोडी एका रेषेत, काटकोनात सोडली तर दुसऱ्या रेषेत. एक म्हणजे शून्य, दुसरी म्हणजे एक. वाचायचे असेल तेव्हा रोध मोजायचा.

याचे आकर्षण दोन गोष्टींचे. बाहेर चुंबकत्व गळत नसल्याने असे घटक शेजारी-शेजारी दाटीने बसवता येतील आणि जवळ चुंबक आणला तरी नोंद पुसली जाणार नाही. दुसरी गोष्ट वेग. साध्या चुंबकातील अणूंची डोलण्याची गती गिगाहर्ट्झमध्ये मोजतात, इथे ती टेराहर्ट्झपर्यंत जाते. २०१८ मध्ये सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाएवढ्या झटक्यांनी लिहिण्याचे प्रयोगही प्रसिद्ध झाले.

मग ही चिप बाजारात का नाही?

कारण रोध बदलला म्हणजे अणू फिरलेच, असे खात्रीने म्हणता येत नाही. इतक्या पातळ थरातून एवढी वीज सोडली की तो तापतो, धातूचे कण सरकतात आणि त्यानेही रोध बदलतो. २०१९ मध्ये तैवान आणि अमेरिकेतील संशोधकांनी निकेल ऑक्साइडवरच्या प्लॅटिनमचा प्रयोग अँटीफेरोमॅग्नेट अजिबात न ठेवता, नुसत्या प्लॅटिनमवर करून पाहिला. संकेत तसाच आला. या एका साध्या तपासणीने आधीच्या बऱ्याच दाव्यांना धक्का बसला. क्ष-किरणांनी थेट चित्र घेतले तर तांबे-मँगनीज-आर्सेनिकच्या थरात काही भागांतले अणू खरोखर फिरलेले दिसतात, पण सगळा थर एकसाथ फिरत नाही. २०२० मध्ये तोक्योच्या गटाने मँगनीज आणि कथील यांच्या संयुगात अशी अदलाबदल दाखवली. त्यात अणू वर-खाली नसून त्रिकोणात उभे असतात, आणि त्यांची दिशा वाचायला विजेचा वेगळा, ठळक परिणाम मिळतो. त्यामुळे उष्णतेचा भास आणि खरा पलटा वेगळा काढणे तिथे सोपे जाते. पण तिथेही वाचताना मिळणारा संकेत आजच्या व्यावसायिक चुंबकीय मेमरीच्या मानाने लहान आहे, आणि लिहिण्यासाठी लागणारी वीज जास्त. बेरीज शून्य असलेली गोष्ट आहे हे कसे दाखवायचे, या १९३६ च्या प्रश्नाला शल यांनी अणुभट्टीशेजारी बसून उत्तर दिले होते. आता तेच उत्तर नखापेक्षा लहान चिपवर, अणुभट्टीविना, दर क्षणाला हवे आहे.